भात्यावरचं विमान

मी माझी रिग विकायला काढली आहे. रिग म्हणजे, ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, रेसिंगचे गेम खेळताना गाडीबरोबर हलणारी खुर्ची. ब्रेक मारला की पुढे झुकते, वळणावर बाजूला कलते, चाक ट्रॅकच्या कडेवर चढलं की दाणदाण हादरते. मोहन्याला घरीच बनवली, दीड वर्षाचे शनिवार-रविवार घालून. बसच्या वायपरच्या दोन मोटरी, छोट्या टेम्पोच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सगळी खुर्ची त्याच्यावरच तोललेली आहे), एक अर्डुइनो, दोन पोटेन्शिओमीटर, चौकोनी पाइपची फ्रेम आणि एका जुन्या हॅचबॅकची सीट. वेल्डिंग आंबिवलीच्या एका फॅब्रिकेटरने करून दिलं. तो बिचारा शेवटपर्यंत ही सलूनची खुर्ची आहे असंच समजत होता :)

बनवणं सोपं, विकणं अवघड. घरी बनवलेल्या वस्तूला बाजारभाव नसतो. फोन करणारा प्रत्येक माणूस सुटे भाग मोजतो. "मोटर भंगारातलीच ना? मग एवढे कसे?" दीड वर्षाचे वीकएंड कुठल्या बिलात बसवायचे, हे मलाही सांगता येत नाही. असो. पण दोन फोन वेगळे होते. पहिला एका मॉलमधल्या गेमझोनवाल्याचा. त्याचे प्रश्न: दिवसाला किती मुलं बसू शकतील, कोणी उलटी तर करणार नाही ना, आणि टोकन टाकायची सोय करता येईल का. दुसरा फोन बदलापूरच्या एका मुलाचा. तो गो-कार्टिंग करतो, पुढे फॉर्म्युलाच्या गाड्या चालवायच्या आहेत, आणि ट्रॅकवरचा वेळ परवडत नाही. त्याचा प्रश्न एकच होता. "दादा, ह्याच्यावर शिकून खऱ्या गाडीत फरक पडतो का?"

एकच यंत्र आणि दोन गिऱ्हाइकं. एकाला खेळणं हवंय, दुसऱ्याला शाळा. गंमत म्हणजे घरगुती पद्धतीने हलतं यंत्र बनवून विकायला निघालेल्या माणसापुढे नेमकी हीच दोन गिऱ्हाइकं नव्वदेक वर्षांपूर्वी उभी राहिली होती. त्याचं नाव एडविन लिंक.

लिंकचं घराणं पेट्या बनवणारं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन नावाचं गाव आहे, तिथे त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. आपोआप वाजणारे पियानो, मूकपटांच्या थिएटरात वाजणारे मोठे ऑर्गन असला सगळा माल. आपल्याकडे जुन्या संगीत नाटकांत पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे प्रकरण चटकन कळेल. हार्मोनियमचा भाता हवा बाहेर ढकलतो, तर अमेरिकन पद्धतीचा ऑर्गन हवा आत ओढून वाजतो. त्या ओढीवर भाते, झडपा, नळ्या नाचवायच्या, हे लिंकच्या हातात लहानपणापासून बसलेलं.

पोराला वेड मात्र विमानांचं. 1920 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने कॅलिफोर्नियात उड्डाणाचा पहिला धडा घेतला. विमान चार्ली चॅप्लिनचा सावत्र भाऊ सिडनी चॅप्लिन याच्या कंपनीचं. फी 50 डॉलर, त्या काळी भरभक्कम रक्कम. शिक्षकाने त्याला वर नेऊन कोलांट्या मारल्या आणि खाली आणलं. दांड्याला हातसुद्धा लावू दिला नाही! शिकणं इतकं महाग आणि इतकं निरुपयोगी असू नये, हा किडा बहुधा तेव्हाच डोक्यात शिरला असावा.

पुढे 1927 ते 1929 या काळात वडिलांच्या कारखान्याच्या तळघरात बसून त्याने एक बुटकं लाकडी विमान बनवलं. खाली युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे माझ्या रिगखाली आहे तोच क्रॉस, आणि त्याच्याभोवती ऑर्गनचे चार भाते. विजेच्या पंपाने हवा ओढून घ्यायची. आत बसलेल्याने दांडा हलवला की झडप उघडते, एक भाता आकसतो, समोरचा फुगतो, आणि विमान कलतं. गोल फिरण्यासाठी वेगळी मोटर, तीही भात्यांचीच. यात इलेक्ट्रॉनिक्स शून्य.

त्याच्या आधी असे प्रयत्न झाले नव्हते असं नाही. फ्रान्समध्ये 1910 च्या आसपास आंत्वानेत कंपनीने अर्धी कापलेली दोन पिंपं एकावर एक ठेवून त्यात शिकाऊ वैमानिकाला बसवलं होतं, आणि बाहेरून माणसं ती पिंपं हलवायची. लिंकच्या यंत्राला हलवणारी माणसं लागत नव्हती.

त्याने पेटंटचा अर्ज केला आणि 1931 मध्ये पेटंट मिळालं. त्याचं शीर्षक मला फार आवडतं. मराठीत सांगायचं तर 'वैमानिक विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षणाचं आणि करमणुकीचं संयुक्त यंत्र'. दोन्ही गिऱ्हाइकं शीर्षकातच! तो माणूस पुरेपूर धंद्याचा होता, हे इथेच कळतं.

आणि घेतलं कोणी? करमणूकवाल्यांनी. उड्डाणशाळांनी नाक मुरडलं, लष्कराने फारसं लक्ष दिलं नाही, आणि सुरुवातीची बरीच यंत्रं अम्यूझमेंट पार्कांत गेली. नाणं टाका, विमानात बसा. त्यात मंदी आली. पोटासाठी लिंकने आणखी एक उद्योग केला. विमानाच्या पंखांखाली दिव्यांच्या पाट्या लावून रात्री जाहिराती दाखवायच्या, आणि कुठला दिवा कधी लागायचा ते ठरवायला आपोआप वाजणाऱ्या पियानोचा भोकं पाडलेला कागदी रोल! प्रोग्रॅमर लोकांनी याला मनातून नमस्कार करावा. 1931 मध्ये त्याचं मॅरियन क्लेटनशी लग्न झालं. ती पत्रकारितेतली होती, आणि धंद्याची बरीच बाजू पुढे तिने सांभाळली.

आता एक तांत्रिक वळण, कारण त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही.

आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यात द्रव असतो. वळायला लागलो की द्रव मागे राहतो आणि मेंदूला वळल्याचं कळतं. पण त्याच वेगाने वळत राहिलो तर काही सेकंदांत द्रव नलिकेच्या बरोबरीने फिरू लागतो, आणि वळण चालू असताना कान सांगतो, सगळं सरळ आहे. दुसरी गोष्ट, शरीराला गुरुत्वाकर्षण आणि प्रवेग यांतला फरक ओळखता येत नाही. माझी रिग याच फसवणुकीवर चालते. मॉनिटर खुर्चीच्याच फ्रेमवर बसवलेला आहे. ब्रेक मारला की सगळंच पुढे झुकतं. डोळ्यांना समोरचा रस्ता सपाट दिसतो, पण अंगाचा भार पट्ट्यावर येतो. मेंदू म्हणतो, जोरात ब्रेक लागला. मग खुर्ची इतकी हळू पूर्ववत करायची, सेकंदाला दोन-तीन अंशांहून कमी, की कानाला पत्ता लागू नये. मोठमोठ्या सिम्युलेटरांतही हेच करतात, फक्त पैसे जास्त घेतात.

खुर्चीत ही फसवणूक मजेची आहे. ढगात शिरलेल्या वैमानिकाच्या ती जिवावर येते. बाहेर काही दिसत नाही, विमान हळूहळू एका बाजूला कलून गोल फिरत असतं आणि कान सांगतो, सरळ चाललोय. उंची कमी होते म्हणून तो दांडा ओढतो, त्याने चक्कर आणखी आवळते. आकड्यांवर नजर ठेवून विमान सरळ केलंच, तर कान ओरडतो की आता उलटीकडे वळतोयस, आणि माणूस परत पहिल्या चकरीत शिरतो.

फेब्रुवारी 1934 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी खाजगी विमान कंपन्यांची टपालाची कंत्राटं रद्द करून ते काम लष्कराच्या वैमानिकांना दिलं. भर हिवाळा, धुकं, बर्फ, रात्रीची उड्डाणं, आणि नुसती उपकरणं बघून उडवण्याचा सराव जवळजवळ नाही. थोड्याच महिन्यांत डझनभर माणसं गेली. देशभर बोंब झाली.

याच दिवसांत लिंकला न्यूअर्कला लष्करी अधिकाऱ्यांना भेटायचं होतं. हवा इतकी खराब होती की हा काही येत नाही असं समजून अधिकारी निघायच्या बेतात होते. तेवढ्यात धुक्यातून विमान उतरलं, आणि त्यातून लिंक उतरला. त्याच्याजवळ याहून चांगली जाहिरात काय असणार! जून 1934 मध्ये लष्कराने सहा यंत्रं मागवली, प्रत्येकी 3,500 डॉलरना. आता वर झाकण असायचं, आत काळोख आणि फक्त उपकरणं. बाहेर टेबलाशी शिक्षक, आणि टेबलावरच्या नकाशावर विद्यार्थ्याचा मार्ग शाईने काढत सरकणारं एक छोटं चाकांचं यंत्र. पुढच्या महायुद्धात सुमारे दहा हजार यंत्रं बनली आणि पाच लाखांच्या वर वैमानिक त्यांवर शिकले, असं सांगतात. भाते मात्र तेच, जत्रेतले.

मला विचाराल तर लिंकचं यंत्र विकलं गेलं ते हुबेहूब उडत होतं म्हणून नव्हे. बुटक्या पंखांचं ते डबडं खऱ्या विमानासारखं अजिबात उडत नव्हतं. शरीर खोटं बोलतं आणि काटे खरं बोलतात, एवढी एकच गोष्ट ते शिकवत होतं, आणि नेमकी तीच येत नव्हती म्हणून माणसं मरत होती.

त्या बदलापूरच्या मुलाला मी हेच सांगितलं. रिगवर तुला ट्रॅक पाठ होईल, ब्रेक कुठे मारायचा ते पायात बसेल, मागचं चाक सुटतंय हे खुर्ची थोडं आधी सांगेल. मानेवर येणारा जोर आणि भिंतीची भीती मात्र तिच्यात नाही. तो जरा वेळ गप्प राहिला, मग "जाहिरातीत असं नाही लिहिलं तुम्ही" म्हणाला. रिग त्याला दिली, सामानाच्या किमतीत, हप्त्यांवर. गेमझोनवाला जास्त देत होता. आई अजून त्यावरून बोलते.

सहा पायांच्या हलत्या चौथऱ्याचं काय, असं जाणकार विचारतील. माझी रिग दोनच दिशांना कलते, महागड्या रिग सहा प्रकारे हलतात. त्या रचनेचा जन्म टायरमध्ये आहे. 1950 च्या दशकात बर्मिंगहॅमला डनलॉप कंपनीत एरिक गॉफ याने टायरवर सगळ्या दिशांनी भार टाकून बघायला, लांबी बदलता येणाऱ्या सहा पायांचं यंत्र बनवलं. 1965 मध्ये डी. स्टुअर्टने सिम्युलेटरसाठी सहा प्रकारे हलणाऱ्या चौथऱ्यावर निबंध वाचला, आणि नाव स्टुअर्टचं पडलं. गॉफचं मागे राहिलं. मोहनेकरांना टायर काही परके नाहीत. इथल्या एनआरसीत रेयॉनबरोबर टायरमध्ये घालायची नायलॉनची कॉर्डही बनायची. 2009 साली कंपनी बंद पडली.

लिंकने 1954 मध्ये आपली कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन केली आणि मग समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या पाणबुड्यांच्या नादाला लागला. उतारवयात त्याने वडिलांच्या कारखान्यातला एक जुना थिएटर ऑर्गन मिळवला आणि दुरुस्त करून वाजता केला. तो बिंगहॅम्टनच्या रॉबर्सन म्युझियमला दिला आहे.