गोठा ते गेम : पाळून झुंजवण्याचा इतिहास

अद्भुत प्राणी पाळून झुंजवण्याच्या व्हिडिओ गेमचा इतिहास सहसा जपानपासून सांगितला जातो. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी तिथे ‘पोकेमॉन’चे पहिले दोन गेम आले. कर्ते सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडण्याचा छंद होता. प्राणी १५१, ते पकडायचे, वाढवायचे, झुंजवायचे. पैदास आली १९९९च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये. नर-मादी एकत्र ठेवली की अंडे मिळे आणि बापाचे काही डाव पिलात उतरत.

ही वंशाची पारख आमच्या बीड जिल्ह्याला नवी नाही. नांदेड, परभणी, लातूर, बीड या पट्ट्यात लाल कंधारी गोवंश टिकला, तो वळू निवडणाऱ्या शेतकऱ्याच्या नजरेमुळे. शर्यतीसाठी महाराष्ट्रात नाव खिलारचे.

खरा फरक पुढे आहे. हरलेला पोकेमॉन नुसता मूर्च्छित पडतो आणि केंद्रात फुकट बरा होतो. बैलाला मार लागतो, वैरण लागते. २०१९च्या दुष्काळात इथली जनावरे चारा छावण्यांत होती. बैलाच्या वेदनेचा प्रश्न न्यायालयात गेला. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. २०१७मध्ये राज्याने कायदा दुरुस्त केला. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली.

गेमने पारख आणि ईर्षा घेतली. वेदना व वैरण वगळली. माझ्या मते या खेळांच्या इतिहासात या वगळण्याचीही नोंद हवी.