ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे!

मंडळी, या वीकेंडचा विषय डोकेदुखीचा आहे, अगदी शब्दशः.

आमच्या बुलढाण्याकडे कुणाच्या बायोप्सी रिपोर्टवर 'मेनिंजिओमा, ग्रेड २' असं आलं, की संध्याकाळपर्यंत चिखली-मेहकरात बातमी पोचते, "काकूले दुसऱ्या स्टेजचा कॅन्सर हाय म्हनते!" झालं. भेटायला येणारे रडायच्या तयारीनेच येतात.

आता स्टेज म्हणजे कॅन्सर शरीरात कुठवर पसरला ते. ग्रेड म्हणजे गाठीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती वेगाने वाढताना आणि किती बेशिस्त दिसतात ते. मेनिंजिओमा ही मुळात मेंदूची नव्हे, मेंदूवरच्या आवरणाची गाठ. ती क्वचितच शरीरात इतरत्र जाते, म्हणून तिला स्टेज लावतच नाहीत. मग हा ग्रेडचा आकडा आला कुठून?

'मेनिंजिओमा' हे नाव अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग यांनी १९२२ साली रूढ केलं. १९३८ मध्ये त्यांनी आणि लुईस आयझेनहार्ट यांनी ३१३ रुग्णांचा जाडजूड ग्रंथ काढला. तेव्हा भारतात न्यूरोसर्जरीचा स्वतंत्र विभागच नव्हता! पहिला सुरू झाला १९४९ मध्ये वेल्लोरला, डॉ. जेकब चँडी यांच्यामुळे. मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी १९५१ मध्ये काम सुरू केलं. त्याआधी मेहकरच्या माणसाने जायचं तरी कुठे?

१९५७ मध्ये डोनाल्ड सिम्पसन यांनी दाखवलं की गाठ किती काढली यावर ती परत येणं बरंचसं अवलंबून असतं. त्यांनीही ग्रेड पाडले, १ ते ५. पण ते ऑपरेशनचे, गाठीचे नव्हेत. म्हणजे एकाच फाइलमध्ये दोन वेगळे 'ग्रेड' असू शकतात. गोंधळ होणार नाही तर काय?

गाठीच्या ग्रेडचं पहिलं व्हर्जन जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ मध्ये रिलीज केलं. त्यानंतर १९९३, २०००, २००७, २०१६ आणि २०२१. आपल्या सॉफ्टवेअरसारखंच, दर व्हर्जनमध्ये नियम बदलले. २००० मध्ये प्रथमच मोजणी काटेकोर झाली. सूक्ष्मदर्शकाच्या १० क्षेत्रांत विभाजन होणाऱ्या पेशी ४ ते १९ दिसल्या तर ग्रेड २, २० किंवा जास्त दिसल्या तर ग्रेड ३. २०१६ मध्ये ठरलं की गाठ मेंदूत घुसलेली दिसली तर तेवढ्यावरही ग्रेड २. २०२१ मध्ये जनुकंही आली. टर्ट प्रमोटरमधला ठरावीक बदल किंवा सीडीकेएन२ए/बी जनुकाच्या दोन्ही प्रती गायब असणं, यांपैकी काहीही सापडलं की थेट ग्रेड ३, मग पेशी कितीही सभ्य दिसोत.

परिणाम? पूर्वी ग्रेड २ चं प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास सांगत, नवे निकष आल्यावर ते २० टक्क्यांच्या घरात गेलं. लोकांच्या गाठी काही रातोरात बिघडल्या नव्हत्या, मोजपट्टी बदलली होती. १९९५ ची ग्रेड १ ची स्लाइड आज तपासली तर ग्रेड २ ठरू शकते.

बरं, धोका कुणाला जास्त? मेनिंजिओमा बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण दुप्पट, वयाबरोबर वाढणारा. पण गंमत बघा, पुरुषाला झालाच तर तो वरच्या ग्रेडचा असण्याची शक्यता तुलनेने जास्त. कवटीच्या तळाशी असलेल्या गाठींपेक्षा वरच्या घुमटाखालच्या गाठींत वरचा ग्रेड जास्त सापडतो. मोठा आकार, वेड्यावाकड्या कडा, आजूबाजूच्या मेंदूला भरपूर सूज, या एमआरआयमधल्या खुणाही सावध करतात.

किरणोत्साराचा धोका तर इतिहासानेच शिकवला. इस्रायलमध्ये १९५० च्या सुमारास हजारो मुलांच्या डोक्यातल्या नायट्यावर क्ष-किरणांचे उपचार झाले. बरुख मोदान आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं की त्यांच्यात पुढे मेंदूच्या आणि आवरणाच्या गाठी जास्त झाल्या. उपचार तेव्हाचा, बिल दोन दशकांनी.

असो. सांगायचा मुद्दा एवढाच, की ग्रेड ही त्या-त्या वर्षीच्या ज्ञानावर तज्ज्ञांनी केलेली सहमती आहे. ती भविष्य नाही, पण बिनकामाचीही नाही. ग्रेड २ म्हणजे गाठ परत यायची शक्यता ग्रेड १ पेक्षा जास्त, म्हणून एमआरआयच्या तारखा चुकवायच्या नाहीत, रेडिएशन द्यायचं का ते डॉक्टरांशी बसून ठरवायचं. आणि ग्रेड १ आहे म्हणून "आता काय, सुटलो" असं म्हणत पुढची तपासणी सोडायचीही नाही. मेहकरहून संभाजीनगरला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते हे खरं, पण ती फेरी टाळणं जास्त महागात पडू शकतं.

घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर दोन गोष्टी करा. रिपोर्टवर कोणत्या वर्षीचं वर्गीकरण वापरलंय ते वाचा. आणि काचेच्या स्लाइड्स व मेणातला ब्लॉक किती वर्षं जपतात, मागितल्यावर मिळतात का, हे हॉस्पिटलला विचारून ठेवा. नवं व्हर्जन आलं तर तपासायला मूळ नमुना हाताशी हवा. आपण जुन्या कोडचा बॅकअप ठेवतो की नाही?