मैदान, संघ आणि नायक

एखाद्या राष्ट्राच्या खेळाचा इतिहास बहुधा धावांच्या आणि विजयांच्या आकड्यांनी सांगितला जातो. आकडे खरे असतात. परंतु अकरा माणसे मैदानावर उतरली, की मगच ते सुरू होतात. त्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे कोणीतरी दिलेली असतात. मैदानावर उतरण्याचा अधिकार कोणाचा, हा पहिला प्रश्न. आणि उतरलेल्या अकरांना आज्ञा कोणी द्यावी, हा दुसरा. भारतीय क्रिकेटच्या पहिल्या शंभर वर्षांचा वृत्तांत पाहू गेले असता या दोन प्रश्नांचा झगडा त्यात पदोपदी आढळतो.

हा खेळ या देशात इंग्रजांबरोबर आला. १७२१ साली खंबायतच्या किनाऱ्यावर इंग्रज खलाशी क्रिकेट खेळल्याची नोंद आहे. कलकत्त्यास तर १७९२ साली युरोपियनांचा क्लब अस्तित्वात होता. हिंदी लोकांपैकी या खेळाची गोडी प्रथम लागली ती मुंबईच्या पारशी समाजाला. १८४८ साली त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला. हिंदू व मुसलमान तरुण त्यांच्या मागोमाग चेंडूफळी घेऊन मैदानावर आले. परंतु मैदान तरी कोणाचे? बॉम्बे जिमखान्याचे युरोपियन सभासद तेथे घोड्यांवर बसून पोलो खेळत आणि टापांखाली उखडलेल्या त्याच जमिनीवर एतद्देशीयांनी आपल्या यष्ट्या रोवाव्यात अशी स्थिती होती. चेंडू खड्ड्यात पडे, उसळे, खेळणाऱ्याच्या तोंडावर येई. या अन्यायाविरुद्ध पारशी खेळाडूंनी सरकारकडे अर्जामागून अर्ज केले. या लढ्याची हकीकत शापूरजी सोराबजी या पारशी लेखकाने १८९७ साली ग्रंथरूपाने लिहून ठेवली आहे.

अर्जांचे फळ अखेर मिळाले. पण ते मोठ्या विचित्र रूपाने मिळाले. समुद्र हटवून तयार केलेल्या किनाऱ्यावरील जागा पारशी, मुसलमान आणि हिंदू अशा तीन जिमखान्यांना वेगवेगळ्या वाटून देण्यात आल्या. मैदान मिळाले, परंतु ते धर्मवार मिळाले. जशी जागा तसा संघ आणि जसा संघ तसा सामना, हे मग ओघानेच आले.

पारशी खेळाडूंनी १८८६ व १८८८ साली स्वखर्चाने इंग्लंडचे दौरे केले. पहिल्या दौऱ्यात अठ्ठावीस सामन्यांपैकी एकच जिंकता आला. दुसऱ्यात एकतीसपैकी आठ जिंकले. १८९० च्या जानेवारीत मुंबईस आलेल्या व्हर्नन यांच्या इंग्रज संघाला त्यांनी चार गडी राखून हरविले, तेव्हा राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात नमविता येते, ही गोष्ट साऱ्या शहराने डोळ्यांनी पाहिली. १८९२ पासून युरोपियन व पारशी यांचे प्रेसिडेन्सी सामने नियमाने होऊ लागले. १९०७ साली हिंदूंच्या प्रवेशाने सामने तिरंगी झाले, १९१२ साली मुसलमानांच्या प्रवेशाने चौरंगी झाले आणि १९३७ साली ‘इतर’ या नावाचा पाचवा संघ येऊन ते पंचरंगी झाले. ख्रिस्ती वगैरे जे कोणत्याच खणात बसत नव्हते, त्यांचा हा संघ.

या धर्मवार व्यवस्थेच्या पोटातच दुसरा प्रश्न वाढत होता. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या विजयात सिंहाचा वाटा ज्या डावखुऱ्या गोलंदाजाचा होता, त्याचे नाव बाळू पालवणकर. त्या काळी अस्पृश्य गणल्या गेलेल्या चर्मकार जातीत १८७६ साली त्यांचा जन्म झाला. वडील फौजेत नोकरीस. पुण्यास पारशांच्या मैदानावर खेळपट्टी झाडणे व लोटणे यासाठी बाळूंना महिना तीन रुपये मिळत. पुढे ते पूना जिमखान्यावर चार रुपयांवर लागले. तेथील इंग्रज साहेबांना, विशेषतः कॅप्टन ग्रेग या नामांकित फलंदाजाला, सराव व्हावा म्हणून ते तासन्‌तास चेंडू टाकीत. फळी मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही, ती साहेबाची. ग्रेगला चेंडू टाकता टाकता त्यांची गोलंदाजी अशी तयार झाली, की पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना जिंकावयाचे तर बाळूंवाचून तरणोपाय राहिला नाही.

संघात त्यांना घेतले, पण कसे? मैदानावर त्यांनी फेकलेला चेंडू सवर्ण खेळाडू आनंदाने झेलीत. चहाची वेळ झाली, की ते सारे आत मंडपात बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या परळात चहा मिळे. जेवणाचे ताटही वेगळे. एकाच चेंडूला शिवणारे अकरा हात चहाच्या कपापाशी येताच दहा आणि एक असे होत. पुढे बाळू मुंबईस आले, हिंदू जिमखान्यातर्फे खेळू लागले व कीर्ती पावले. पतियाळाच्या महाराजांच्या नायकत्वाखाली १९११ साली पहिला सर्वधर्मीय हिंदी संघ इंग्लंडला गेला. पारशी, हिंदू व मुसलमान एका संघात प्रथमच खेळले. तेवीस सामन्यांपैकी पंधरा त्यांनी गमावले, परंतु बाळूंनी एकट्याने ११४ बळी घेतले, तेही प्रत्येकी एकोणीसहून कमी धावांत.

अशा खेळाडूला हिंदू संघाचे नायकत्व मिळाले असेल असे कोणासही वाटेल. ते मिळाले नाही. वर्षानुवर्षे नाकारले गेले. १९२० साली तर बाळूंना वगळण्यात आले. तेव्हा त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल आणि शिवराम, जे स्वतः नामांकित खेळाडू होते, त्यांनी जाहीर निषेध करून संघातून अंग काढून घेतले. पुढे तडजोड होऊन बाळूंना उपनायक करण्यात आले, आणि अंतिम सामन्यात नायक पै काही वेळ मैदानाबाहेर गेले असता संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. तेवढाच काय तो त्यांचा अधिकार. परंतु दार किलकिले झाले होते. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचे नायक झाले आणि त्यांच्या हाताखाली संघाने युरोपियनांना नमवून चषक जिंकला. जे थोरल्या भावाच्या कर्तृत्वाला मिळाले नाही, ते धाकट्याला मिळाले. मध्यंतरी लोकमत बदलले होते; अस्पृश्यतानिवारणाची चळवळ देशभर पसरली होती.

यानंतर खेळाचे क्षेत्र विस्तारले. १९२६ च्या डिसेंबरात गिलिगन यांच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध बॉम्बे जिमखान्यावर सी. के. नायडूंनी अकरा षटकार मारून १५३ धावा काढल्या. त्याच दौऱ्यात पुण्याचे संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनी हिंदी संघातर्फे १४८ धावा केल्या. या खेळाने इंग्रजांची खात्री पटली आणि १९२८ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदी संघ आपला पहिला कसोटी सामना खेळला. दौऱ्याचे नायक पोरबंदरचे महाराज होते. त्यांनी आपली योग्यता ओळखून बाजूला राहणे पसंत केले, उपनायक लिंबडीचे राजपुत्र जायबंदी झाले आणि नायकत्व नायडूंकडे आले. पहिल्या अर्ध्या तासातच इंग्लंडचे तीन गडी अवघ्या एकोणीस धावांत तंबूत परतले. सामना १५८ धावांनी गेला खरा, पण महंमद निसारचे पाच बळी इंग्रज प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले.

राजेलोकांनी या खेळास द्रव्य दिले, मैदाने दिली, खेळाडूंना चाकऱ्या दिल्या. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि पैशाबरोबर नायकत्वही हक्काने येते, अशी त्यांच्यापैकी काहींची समजूत होती. १९३६ साली विजयानगरम्‌चे महाराजकुमार इंग्लंडच्या दौऱ्यावर नायक होते. पहिल्या कसोटीपूर्वीच लाला अमरनाथसारख्या खेळाडूला शिस्तीच्या सबबीवर परत पाठविण्यात आले आणि तीनपैकी दोन कसोट्या गमावल्या. मात्र उरलेल्या मँचेस्टरच्या सामन्यात विजय मर्चंट व मुश्ताक अली यांनी सलामीला २०३ धावांची भागीदारी केली. मुंबईच्या चौरंगी सामन्यात हे दोघे परस्परांविरुद्ध खेळत. मँचेस्टरला ते एकमेकांच्या हाकेवर धावत होते.

घरच्या खेळालाही दुसरा पाया हवा, हे जाणून मंडळाने १९३४ साली रणजी करंडकाची स्पर्धा सुरू केली. तिचा पहिला सामना त्याच वर्षीच्या ४ नोव्हेंबरला मद्रासला झाला. येथे संघ धर्माचे नव्हते, प्रांतांचे होते. पहिल्याच वर्षी मुंबईने करंडक जिंकला. १९३९-४० व १९४०-४१ मध्ये देवधरांच्या नायकत्वाखाली महाराष्ट्राने तो लागोपाठ दोनदा मिळविला. पन्नाशीकडे झुकलेला हा प्राध्यापक तरुणांच्या बरोबरीने खेळत असे. तरीही कित्येक वर्षे गर्दी लोटे ती पंचरंगी सामन्यांनाच. ब्रेबर्न स्टेडियम त्या दिवसांत फुलून जाई. प्रांतासाठी तितका जीव टाकण्यास लोकांना अजून शिकावयाचे होते. १९४० च्या डिसेंबरात महात्मा गांधींनी या धर्मवार सामन्यांविरुद्ध आपले स्पष्ट मत दिले. वाद पुष्कळ माजला. या सामन्यांमुळे परस्परांविषयी आदर वाढतो, असेही म्हणणारे होते, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु देश फाळणीच्या उंबरठ्यावर आला असता धर्माच्या नावे जयघोष ऐकत बसणे अशक्य झाले, आणि १९४६ साली पंचरंगी सामने कायमचे बंद झाले.

त्या सामन्यांतील एक डाव येथे विसरून चालणार नाही. १९४३ च्या अंतिम सामन्यात ‘इतर’ संघ हिंदूंविरुद्ध पुन्हा खेळावयास आला, तेव्हा सांगलीचे विजय हजारे यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने काढल्या. हजारे ख्रिस्ती, म्हणून कोणत्याही खणात न बसणाऱ्यांच्या संघातून ते खेळले. नऊ वर्षांनी, १९५२ च्या फेब्रुवारीत, मद्रासच्या मैदानावर भारताने इंग्लंडचा एक डाव आठ धावांनी पराभव करून आपला पहिला कसोटी विजय मिळविला. भारताची ती पंचविसावी कसोटी होती. विनू मंकड यांनी बारा बळी घेतले, पंकज रॉय यांनी १११ व पॉली उमरीगर यांनी नाबाद १३० धावा केल्या, गुलाम अहमद यांनी दुसऱ्या डावात चार गडी टिपले. हिंदू, पारशी आणि मुसलमान त्या दिवशी एकाच धावफलकावर होते, आणि त्यांचे नायक होते ‘इतर’ संघातून आलेले विजय हजारे.

पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. रणजी करंडकात मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे अजिंक्यपद राखले. त्याच मुशीतून निघालेले अजित वाडेकर १९७१ साली भारताचे नायक म्हणून वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत त्यांच्याच भूमीवर विजयी झाले. १९८३ साली कपिल देव यांच्या संघाने विश्वचषक आणला. मैदानावर उतरण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मात्र तेवढ्याने संपला नाही. स्त्रियांचा संघ १९७६ सालीच कसोटी खेळला. पण त्यांच्या खेळाचा कारभार मंडळाने २००६ साली आपल्याकडे घेतला. २०२५ च्या नोव्हेंबरात हरमनप्रीत कौर यांच्या नायकत्वाखाली त्यांनी विश्वचषक जिंकला, तो नवी मुंबईत.

बाळू पालवणकर १९५५ साली वारले. मद्रासचा तो विजय त्यांच्या हयातीतच झाला होता. संघाचा नायक जातीने अथवा धर्माने नव्हे, तर खेळाने ठरावा, हे मागणे त्यांच्या कुटुंबाने १९२० साली आपल्या जागा सोडून केले होते. भारतीय क्रिकेटला त्या मागण्यापर्यंत पोहोचावयास पुढे आणखी बत्तीस वर्षे लागली.