कबिनी रिव्हर लॉज

कबिनी रिव्हर लॉज : कर्नाटक शासनाच्या मालकीचे, वन्यजीव सफारीसाठी प्रसिद्ध असलेले वननिवास. म्हैसूर जिल्ह्याच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात कारापूर येथे, कबिनी जलाशयाच्या काठी ते वसले आहे. बेंगळुरूपासून अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर असल्याने तेथून सुट्टी जोडून येणाऱ्यांची येथे वर्दळ असते. जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स ही शासकीय कंपनी ते चालवते. महागड्या सफारीतून जंगलाचे भले होते का आणि कोणत्या अटींवर, या प्रश्नाची भारतातील चर्चा या ठिकाणाला वगळून करता येत नाही.

इतिहास : कारापूर हे म्हैसूरच्या महाराजांच्या शिकारीचे ठिकाण. त्यांच्या काळातील बंगले आजही निवासाच्या आवारात उभे आहेत. शेजारच्या काकनकोटेच्या जंगलात हत्ती पकडण्याचे खेड्डे होत. हाकारे घालून रानटी कळप नदीपार हाकायचे आणि लाकडी ओंडक्यांच्या कुंपणात कोंडायचे, अशी ती पद्धत होती. शेवटचा खेड्डा १९७१ मध्ये झाला. पुढे १९७४ मध्ये कबिनी धरण पूर्ण झाले, तेव्हा जंगलाचा मोठा पट्टा आणि अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या.

राज्य शासन आणि नेपाळमधील चितवनच्या जंगलात पर्यटन रुजवणारी टायगर टॉप्स कंपनी यांनी १९८० मध्ये भागीदारीत जंगल लॉजेसची स्थापना केली. १९८७ मध्ये टायगर टॉप्स बाहेर पडली आणि कंपनी पूर्णपणे शासनाची झाली. निवासाला घडवले ते कर्नल जॉन वेकफील्ड यांनी. त्यांचा जन्म १९१६ मध्ये गया येथे झाला. उमेदीच्या वयात शिकारी असलेले वेकफील्ड पुढे जंगल राखण्याचे पुरस्कर्ते झाले. सर्वजण त्यांना ‘पापा’ म्हणत. २०१० मध्ये निधन होईपर्यंत ते कबिनीलाच राहिले.

परिसर व सफारी : जलाशयाच्या एका बाजूला नागरहोळे, दुसऱ्या बाजूला बंडीपूर हे व्याघ्र प्रकल्प आहेत. मार्चपासून पाणी ओसरू लागते, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत उगवते आणि आतल्या जंगलातले पाणवठे आटल्याने हत्तींचे कळप काठावर उतरतात. आशियाई हत्ती एवढ्या संख्येने एकत्र दिसण्याच्या जगातील मोजक्या जागांपैकी ही एक आहे. सफारी जीपने व बोटीने, सकाळी आणि दुपारनंतर होते. चितळाने किंवा वानराने धोक्याची हाक दिली की चालक इंजिन बंद करतो आणि गाडीतले सगळे कान देऊन बसतात. वाघ किंवा बिबट्या दिसण्याची खरी शक्यता या थांबण्यात असते. आजूबाजूच्या खासगी आलिशान रिसॉर्टांतील पाहुण्यांनाही जंगलात स्वतंत्र गाड्या नेता येत नाहीत. त्यांना जंगल लॉजेसच्याच गाड्यांतून जावे लागते.

खासगी राखीव जंगलाचा प्रश्न : सफारी खासगी जंगलातही चालू शकते. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर उद्यानाला लागून असलेले साबी सँड हे जमीनमालकांचे असे राखीव क्षेत्र आहे. तेथील १९९१ च्या कायद्याने कुंपणबंद जमिनीवरील प्राण्यांवर मालकाचा हक्क मान्य केला. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार जमीन कोणाचीही असो, वन्यप्राणी त्याच्या मालकीचा होत नाही. खासगी जमीन राखणारे अपवाद आहेत. कोडगू जिल्ह्यात अनिल व पामेला मल्होत्रा या दांपत्याने १९९१ पासून जमिनी विकत घेऊन सुमारे ३०० एकरांचे ‘साई सँक्च्युअरी’ उभे केले. मात्र व्याघ्र प्रकल्पाचे जंगल सार्वजनिकच आहे. नागरहोळेच्या आत मूरकल येथे ताज समूहाचे हॉटेल उभे राहत होते. आदिवासी संघटनांनी त्याला विरोध करून न्यायालयात धाव घेतली आणि १९९७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. कबिनीभोवतीचे पर्यटन जंगलाबाहेर राहून चालते, त्यामागे या निकालाचाही वाटा आहे.

संरक्षणाला लाभ : व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काही महिने बंदी घातली होती. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी गाभ्याचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनाला खुला ठेवण्याची मर्यादा आखली. प्रवेशशुल्क राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानामार्फत त्याच जंगलासाठी वापरण्याची कायदेशीर सोय आहे. महाराष्ट्रात ताडोबा-अंधारीसाठीही असे प्रतिष्ठान आहे. खोलीचे भाडे मात्र रिसॉर्टकडे राहते. कंपनी शासनाची असेल तर नफाही सार्वजनिक राहतो, हे जंगल लॉजेसचे वेगळेपण.

मर्यादा : पैसा येतो तेथे तो शेजाऱ्यांपर्यंत पोचतोच असे नाही. कृती कारंथ व रूथ डीफ्रीस यांनी २०११ मध्ये दहा संरक्षित क्षेत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पर्यटक झपाट्याने वाढत असले, तरी भोवतालच्या लोकसंख्येतील अगदी नगण्य हिश्शालाच थेट रोजगार मिळत असल्याचे दिसले. जेनू कुरुब आणि बेट्ट कुरुब या आदिवासींची अनेक कुटुंबे नागरहोळेतून उठवली गेली, तर धरणाने विस्थापितांत भर घातली. वाघ-हत्तींमुळे पीक, गुरे आणि माणसे गमावणारी गावेही हीच. नोव्हेंबर २०२५ मध्ये वाघांच्या हल्ल्यांत गावकऱ्यांचे बळी गेल्यावर राज्य शासनाने बंडीपूर व नागरहोळे येथील सफारी थांबवून कर्मचारी संघर्षग्रस्त गावांकडे वळवले.

खेड्ड्यांच्या भूमीत आज जिवंत, मोकळा हत्ती अधिक मोलाचा ठरतो, हे कबिनीचे मोठे यश आहे. ते टिकायचे असेल, तर सफारीच्या उत्पन्नाचा पहिला वाटा जंगलाच्या राखणीला आणि जंगलालगत शेत कसणाऱ्याला मिळाला पाहिजे. पाहुण्यांच्या सुखसोयी त्यानंतर येतात.