हात धुवायचे पाणी

१८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले. उपाय केवढा साधा!

जव्हारच्या कुटीर रुग्णालयाला संस्थानच्या पतंगशहा राजांचे नाव आहे. याच तालुक्यात, वावर-वांगणीत, १९९२-९३ साली कुपोषित मुले दगावली. उपाशी अंगाला साधा जुलाबही पेलत नाही.

शेजारच्या मोखाड्यात पावसाळ्यात आभाळ फाटते, पण कातळात पाणी मुरत नाही; उन्हाळ्यात पाडे टँकरची वाट पाहतात. २०१४ मध्ये इथेच मध्य वैतरणा धरण पूर्ण झाले. त्याचे पाणी मुंबईला जाते, तिथल्या इस्पितळांत डॉक्टरांच्या हातांवर त्यातलेच पडते. मग मे महिन्यात पाड्यावरच्या बाळंतिणीकडे निघालेल्या आशाताईने हात कशाने धुवायचे?