६६ उपग्रहांची गोष्ट

मंडळी, उपग्रहांचं जाळं हे प्रकरण वाटतं तितकं नवं नाही. इरिडियमने १९९८ मध्येच सुमारे ७८० किलोमीटर उंचीवर ६६ उपग्रह फिरवून फोनसेवा सुरू केली होती. आपल्या वित्तसंस्थांचे पैसेही त्यात होते. आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत! उपग्रह पुढे नव्या मालकाने चालवले. पण १० फेब्रुवारी २००९ ला त्यातला एक आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस-२२५१ एकमेकांवर आदळले. दोन हजारांवर तुकडे झाले, त्यातले कितीतरी अजून फिरताहेत.

आता नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीमसाठी स्टारलिंकच्या इरादापत्रावर सही केलीये. मी दादरला बसलोय, फायबर दारात आहे. मला त्याची गरज नाही. जंगल-डोंगरातल्या शाळेला, दवाखान्याला मात्र आहे. हे उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास, म्हणून सिग्नल लवकर पोचतो. शिवाय तिथे विरळ का होईना, हवा असते. बंद पडलेला उपग्रह काही वर्षांत खाली येऊन जळतो. पण इथे ६६ नाहीत, हजारो आहेत!

तेव्हा कनेक्शनचा दर जरूर विचारा. सोबत हेही विचारा: कंपनी बुडाली, तर वरचा पसारा कोण आवरणार?