तळटीप १७ : ‘हात मोडलेला पोलिश पोरगा’

१७. व्होइचेख श्चेन्स्नी, जन्म वॉर्सा, १९९०. वडील मातसेय हेही पोलंडचे गोलरक्षक. लेगिया वॉर्साच्या युवा संघातून २००६मध्ये तो लंडनच्या आर्सेनलकडे आला.

नोव्हेंबर २००८मध्ये व्यायामशाळेत वजन उचलताना त्याच्या दोन्ही हातांची हाडे मोडली. गोलरक्षकाला याहून क्रूर दुखापत कोणती! तरी २००९-१०च्या हंगामात आर्सेनलने त्याला ब्रेंटफर्डकडे उसना दिला आणि इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीतल्या त्या धसमुसळ्या फुटबॉलमध्ये तो खऱ्या अर्थाने तयार झाला.

मजकुरातला सामना १३ डिसेंबर २०१०चा, ओल्ड ट्रॅफर्डवरचा. प्रीमियर लीगमधले त्याचे पदार्पण. आर्सेनलचा गोलरक्षक ऊकाश फाबियान्स्की, तोही पोलिशच, जायबंदी झाल्याने ही संधी आली. मँचेस्टर युनायटेडने सामना १-० जिंकला. युनायटेडच्या वेन रूनीची पेनल्टी मात्र आडव्या दांडीवरून बाहेर गेली.